‘मास्टर’ मोठा होतो तेव्हा

आपल्याकडे ‘मास्तर’ म्हटले की हातात छडी आणि नाकावर घसरलेला चष्मा अशी मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. चित्रपटांच्या नामावळीत मात्र हा शब्द अगदी उलट्या टोकाला जाऊन बसला. तेथे ‘मास्टर’ म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडायचे आहेत असा चिमुकला नट. मुलगी असली तर ‘बेबी’. साहेबाच्या घरात मुलांना हाक मारण्याची ही रीत बोलपटांच्या पडद्यावर आली आणि रुळली. चित्रीकरणाच्या जागी जो वयाने सर्वांत धाकटा, त्यालाच आपण मास्टर म्हणत आलो. पण तेथे बसून हा मास्टर काय शिकतो, ह्याचा विचार मात्र आपण फारसा केला नाही.

तो विचार करण्यासारखा आहे, असे मला वाटते. १९६३ हे साल घ्या. त्या वर्षी राजा परांजपे ह्यांचा ‘हा माझा मार्ग एकला’ पडद्यावर आला आणि त्यात मास्टर सचिन ह्या नावाचा पाच-सहा वर्षांचा पोर महाराष्ट्राला दिसला. त्याच वर्षी ‘छोटा जवान’ आला. त्यातला मास्टर महेश नऊ-दहा वर्षांचा होता. सचिन पिळगावकर आणि महेश कोठारे! वीस-बावीस वर्षांनी हे दोघेही कॅमेऱ्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि पुढचे दशकभर मराठी विनोदी चित्रपटाने जे रूप धारण केले ते बव्हंशी ह्या दोघांनी घडवलेले होते. लोक ह्याला योगायोग म्हणतात. मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही. बालपणी घेतलेल्या एका विचित्र शिक्षणाचे ते फळ आहे, आणि त्या फळाची गोडी व त्याचा तुरटपणा ही दोन्ही त्या शिक्षणातूनच आली आहेत.

मुलांना खेळात ओढून घेण्याची आपली परंपरा तशी जुनीच. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा रोहिदास झाला तो त्यांचाच मुलगा भालचंद्र. पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती त्यांची कन्या मंदाकिनी. त्याआधी संगीत नाटक मंडळ्यांत पोरसवदा मुले बिऱ्हाडासकट दाखल होत आणि गाणे, चालणे, बोलणे तेथेच शिकत. व्ही. शांताराम ह्यांनीही कोवळ्या वयात गंधर्व नाटक मंडळीत उमेदवारी केली आणि १९२० साली ते कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेले. तेथे पडेल ते काम करता करता ते दिग्दर्शक झाले. दिग्दर्शन शिकवणारी शाळा आपल्याकडे निघण्यापूर्वी शाळा होती ती हीच. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या ‘श्यामची आई’तला श्याम आठवा. ते माधव वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाटकांचे समीक्षक झाले आणि रंगभूमीवर दिग्दर्शकही झाले. लहानपणी एकदा दिव्यांखाली उभे राहिलेले मूल त्या दिव्यांचे कोडे सोडवल्यावाचून राहत नाही, असेच म्हणावेसे वाटते.

सचिनच्या नशिबाने त्याला पहिले गुरू मिळाले ते राजाभाऊ परांजपे. ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’ हे १९५२ चे चित्रपट आणि १९६० चा ‘जगाच्या पाठीवर’ ज्यांनी पाहिले असतील त्यांना राजाभाऊंची हातोटी ठाऊक आहे. हा माणूस दिग्दर्शक आणि नट एकाच वेळी होता. गदिमांची लेखणी आणि बाबूजींचे संगीत हाताशी असताना त्याने मध्यमवर्गीय घरातले हसू आणि आसू एकाच भांड्यात शिजवले. ‘हा माझा मार्ग एकला’ला त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रीय सन्मान मिळाला. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट अशी की, दृश्य लावणारा माणूसच दृश्यात येऊन उभा राहतो आणि पुन्हा बाहेर जाऊन ते पाहतो, हे त्या मुलाने पहिल्याच चित्रपटात पाहिले. नट आणि दिग्दर्शक ह्यांच्यामध्ये भिंत असते, हे ज्याला कोणी सांगितलेच नाही, त्याला ती ओलांडण्याचे भय कोठून वाटणार?

दुसरे गुरू हृषीकेश मुखर्जी. १९६७ चा ‘मझली दीदी’ हा शरच्चंद्रांच्या कथेवरचा चित्रपट. आई गेल्यावर पोरका किशन सावत्र बहिणीच्या दारात येतो आणि तेथे त्याचा घास न् घास मोजला जातो. धाकटी जाऊ त्याला पोटाशी धरते. सावत्र बहीण आपल्या ललिता पवार, धाकटी जाऊ मीनाकुमारी आणि किशन सचिन. ही भूमिका वरवर पाहता रडण्याची आहे. खरे पाहता ती रडू आवरण्याची आहे. परक्याच्या घरी वाढणारे मूल मनमोकळे रडतही नाही. आपण कोणाच्या पायात येत नाही ना, एवढेच ते पाहत असते. दहा वर्षांच्या आतल्या मुलाने ते अवघडलेपण ज्या समजुतीने उभे केले आहे, ते पाहताना आजही घशात आवंढा येतो. मीनाकुमारींनी आपल्याला उर्दू शिकवले, असे सचिन ह्यांनी अनेकदा कृतज्ञतेने सांगितले आहे. २०१५ साली ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये खाँसाहेबांच्या तोंडची उर्दू ज्या ऐटीत उच्चारली गेली, तिचे मूळ इतके मागे आहे. बालपणातली शिकवणी कधीकधी अर्ध्या शतकाने उपयोगी पडते!

आता ही शिकवणी असते कशी, ते पाहू. चित्रीकरणाच्या दिवसातला फार मोठा भाग वाट पाहण्यात जातो. दिवे लागतात, हलतात, पुन्हा लागतात. नटाने कोठे थांबायचे तेथे खडूने खूण करतात. कॅमेऱ्यापासून तेथपर्यंतचे अंतर टेपने मोजतात, कारण दोन पावले इकडेतिकडे झाली तर चेहरा धूसर होतो. त्या काळी कच्ची फिल्म महाग. चुकलेले दृश्य पुन्हा घ्यायचे म्हणजे निर्मात्याचे पैसे गेले. मोठा नट ह्या वेळात आपल्या खोलीत जाऊन बसतो. मूल कोठे जाणार? ते तेथेच खुर्चीवर पाय हलवीत बसते आणि पाहते. शिवाय त्याच्यापासून कोणी काही लपवीत नाही. कोण कोणावर रागावले, कोणाचे पाठांतर कच्चे आहे, कोणता विनोद सरावात पिकला आणि कॅमेऱ्यापुढे पडला, हे सारे त्याच्या डोळ्यांदेखत होते. त्याला संपूर्ण कथा क्वचितच सांगतात. ‘इथून चालत ये, तिथे थांब, मग आईकडे बघ’ एवढेच सांगतात. कथा ठाऊक नसताना ती शरीराने वठवायची, हे त्याचे काम. म्हणून जागा आणि वेळ ह्या दोन गोष्टी त्याला अक्षरओळखीच्या आधीच कळू लागतात. आणि विनोदी चित्रपटाच्या दिग्दर्शकाला ह्या दोहोंइतके दुसरे कशाचेच भांडवल लागत नाही.

ह्या शाळेतली सर्वांत अवघड इयत्ता मिसरूड फुटण्याची. आवाज फुटतो, हातपाय लांबतात आणि कालपर्यंत कडेवर घेणारे प्रेक्षक ओळख दाखवीत नाहीत. सचिन ह्या इयत्तेत अडले नाहीत. १९७५ साली ‘गीत गाता चल’मध्ये ते नायक झाले, त्यांच्यासमोर नायिका म्हणून उभी राहिलेली सारिका हीही कालपरवापर्यंत ‘बेबी’च होती. पुढच्याच वर्षी तरुण मजुमदारांचा ‘बालिका बधू’ आला. १९७५ च्याच ‘शोले’त ते इमामसाहेबांचा अहमद झाले. भूमिका लहान, पण त्या चित्रपटातील आगगाडीच्या प्रसंगाचे चित्रीकरण दुसऱ्या तुकडीकडे होते, तेव्हा रमेश सिप्पींनी आपल्याला आणि अमजद खान ह्यांना तेथे लक्ष ठेवायला बसवले, अशी हकीकत सचिन सांगतात. अठरा वर्षेही पुरी न झालेल्या पोराला हे काम देताना सिप्पींनी त्याचे वय पाहिले नसावे; त्याची नोकरी किती वर्षांची झाली ते पाहिले असावे!

महेश कोठारे ह्यांची वाट थोडी निराळी. १९६८ च्या ‘राजा और रंक’मध्ये त्यांनी राजपुत्र आणि भिकारी अशा दोन्ही मुलांची कामे केली. मार्क ट्वेनच्या कथेवरचा हा खेळ. एकाच मुलाला एका दृश्यात रेशमी अंगरखा आणि दुसऱ्यात चिंध्या घालायला लावणारा! पुढे ते कायद्याचे शिक्षण घेऊन वकील झाले. पण कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यांचे पाऊल ठरले नाही.

दिग्दर्शक म्हणून सचिन ह्यांचा ‘मायबाप’ १९८२ साली आला, ‘नवरी मिळे नवऱ्याला’ १९८४ साली, ‘गंमत जंमत’ १९८७ साली आणि ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली. कोठारे ह्यांचा ‘धुमधडाका’ १९८५ चा. त्यापूर्वीच्या दशकात मराठी पडद्यावर हास्याचे राज्य होते ते दादा कोंडक्यांचे. लोकनाट्याच्या मातीतले, द्व्यर्थी, रांगडे आणि अस्सल. ह्या दोघा तरुणांनी ते हास्य शहरातल्या दोन खोल्यांत आणले. घर, भाडे, नोकरी, लग्न ह्या मध्यमवर्गाच्या चार चिंतांवर त्यांनी फार्स उभे केले आणि आईबापांना मुलांसह चित्रपटगृहात नेऊन बसवले.

‘बनवाबनवी’ची कथा उसनी आहे हे जाणकारांना ठाऊक आहे. हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ १९६६ चा. तो पाहिला म्हणजे सांगाडा लगेच ओळखू येतो. पण मला ह्यात चोरीपेक्षा वारसा अधिक दिसतो. ज्या गुरूने किशनला घडवले, त्याच गुरूच्या एका फारशा न चाललेल्या खेळाला शिष्याने बावीस वर्षांनी मराठी संसार दिला. वसंत सबनीसांच्या संवादांनी तो इतका मराठी केला की, पुण्यातल्या घरमालकाचा खडूसपणा आता आपल्याला परप्रांतातून आलेला वाटतच नाही. चार तरुणांना राहायला जागा हवी. जागा फक्त जोडप्यांना मिळते. म्हणून दोघे बायका होतात. लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांची पार्वती बेढब आणि सचिन ह्यांची सुधा नाजूक. एकीला पाहून हसू येते ते ती बाई वाटत नाही म्हणून, आणि दुसरीला पाहून येते ते ती फारच बाई वाटते म्हणून. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला ह्यातला खट्याळपणा वेगळा सांगायला नको.

हा चित्रपट मी अलीकडे पुन्हा, हसण्याची इच्छा आवरून, केवळ मांडणी पाहण्यासाठी पाहिला. (हसण्याची इच्छा आवरली नाही, हे सांगायला हवेच.) त्यात कॅमेऱ्याच्या करामती जवळजवळ नाहीत. पाचसहा माणसे एका दिवाणखान्यात उभी आहेत, आतल्या खोलीचे दार उघडते, जो यायला नको तोच येतो. सारे कौशल्य आहे ते कोण कोठे उभा आहे आणि कोण केव्हा आत येतो ह्यात. ही खडूच्या खुणांची विद्या आहे. आणखी एक गोष्ट माझ्या मनात भरली. चित्रपटातला मध्यवर्ती भाग, ज्याच्यावर प्रेक्षक जीव टाकतात तो धनंजय माने, दिग्दर्शकाने अशोक सराफ ह्यांना दिला आणि स्वतःकडे लुगडे ठेवले! टाळी दुसऱ्याला कोठे घेऊ द्यावी, हे ज्याला कळते त्याने बालपणी मोठ्यांच्या टाळ्या बाजूला उभे राहून मोजलेल्या असतात.

‘बनवाबनवी’ हा व्ही. शांताराम ह्यांच्या संस्थेचा, किरण शांताराम ह्यांनी निर्मिलेला चित्रपट, हेही येथे नोंदवले पाहिजे. नाटक मंडळीतल्या त्या उमेदवार पोराच्या घराण्याने दुसऱ्या एका पोराच्या हाती आपले नाव दिले होते.

कोठारे ह्यांचे मन निराळ्या खेळण्यात रमते. ‘धुमधडाका’ हाही ‘प्यार किये जा’ ह्या १९६६ च्या हिंदी चित्रपटावर बेतलेला. त्यात धनाजी वाकड्यांचा मुलगा लक्ष्या चित्रपट काढण्याच्या वेडाने पछाडलेला आहे आणि तो आपल्या बापाला भुताखेतांची कथा वाचून, नव्हे वठवून, दाखवतो. शरद तळवलकरांचा घामाघूम चेहरा आणि बेर्ड्यांचे ते आवाज काढणे कोण विसरेल? बालनटाने आपल्या पहिल्याच दिग्दर्शनात दिग्दर्शनाच्या हौशीचीच टर उडवावी, ह्यात मला मोठा शहाणपणा दिसतो. पुढे १९९० च्या ‘धडाकेबाज’साठी त्यांनी मराठीत प्रथमच सिनेमास्कोपचा रुंद पडदा वापरला आणि त्या रुंद पडद्यावर बाटलीतला एक चिमुकला माणूस नाचवला. १९९३ च्या ‘झपाटलेला’त तर बाहुलाच खलनायक झाला. रामदास पाध्यांच्या हातांनी हालणारा आणि दिलीप प्रभावळकरांच्या रूपातल्या गुंडाचा आत्मा अंगात शिरलेला तात्या विंचू! कल्पना परदेशी चित्रपटावरून सुचलेली, हे उघड आहे. तरीही तो बाहुला पाहताना माझ्या मनात एक विचार येतो. लहानशा देहात मोठ्या माणसाचा जीव घालायचा, त्याच्या तोंडी मोठ्यांची वाक्ये द्यायची, आणि लोकांनी ते पाहून थक्क व्हायचे. बालनट म्हणजे तरी दुसरे काय? कोठारे ह्यांनी हे जाणूनबुजून केले, असे मी म्हणत नाही. पण खेळण्यांच्या दुकानातून त्यांनी जो बाहुला उचलला, तो त्यांना अनोळखी नव्हता.

एवढी स्तुती झाल्यावर उणे सांगितले नाही तर ही समीक्षा राहणार नाही. ह्या दोघांच्याही चित्रपटांना शांततेचे भय वाटते. दोन हशांच्या मध्ये जरा मोकळी जागा पडली की गाणे येते, मारामारी येते, नाहीतर कोणीतरी धडपडते. नायिका सुंदर आहेत आणि चतुरही; पण कथेचे पान त्यांच्या हातून क्वचितच उलटते. प्रेक्षक क्षणभर नाराज होईल ही कल्पनाच ह्या दिग्दर्शकांना सोसवत नाही. मला वाटते, हेही बालपणाचेच देणे आहे. ज्या मुलाला ‘छान केलेस हं!’ हे शब्द ऐकण्यासाठी पुन्हा पुन्हा उभे केले, ते मोठेपणीही तेच शब्द ऐकण्यासाठी धडपडते. लोकांना प्रसन्न करणे हा मोठा गुण खरा. पण कलावंताने कधीतरी लोकांना अस्वस्थही करावे लागते.

येथे परदेशातले एक उदाहरण मला फार बोलके वाटते. जोडी फॉस्टर ही अमेरिकन नटी आपल्या ह्या दोघांसारखीच अजाण वयात कॅमेऱ्यापुढे आलेली. १९७६ च्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधल्या भूमिकेने ती जगाला ठाऊक झाली. तिने १९९१ साली पहिला चित्रपट दिग्दर्शित केला, ‘लिटल मॅन टेट’. त्याचा विषय असामान्य बुद्धीचा एक एकाकी मुलगा, आणि त्याला आपापल्या बाजूला ओढणाऱ्या दोन बायका. एक आई, दुसरी शिक्षिका. हुशार मुलाचे कौतुक आणि त्याचे एकटेपण एकाच दोरीची दोन टोके आहेत, हे तिने स्वतःच्या अनुभवाच्या बळावर सांगितले. आपल्या सचिनजींकडे तर ‘हा माझा मार्ग एकला’ हे नावच होते! पण ‘नवरी मिळे नवऱ्याला’, ‘गंमत जंमत’, ‘बनवाबनवी’ ह्या तिन्ही गाजलेल्या चित्रपटांच्या मध्यभागी मूल नाही. मूल झालेली मोठी माणसे आहेत. वेषांतर करणारी, लपणारी, थापा मारणारी, पकडली जाणारी. जो खेळ वयात राहून गेला तो त्यांनी मोठेपणी खेळून घेतला आणि आपल्यालाही त्यात घेतले. त्याबद्दल आपण ऋणी आहोत. तरीही किशनचे काम करणाऱ्या मुलाने मोठे होऊन एखाद्या किशनची कथा स्वतःच्या डोळ्यांनी सांगितली असती तर मराठी चित्रपटाला काय मिळाले असते, ही हळहळ माझ्या मनातून जात नाही.

कोठारे ह्यांनी मुलाला मध्यभागी आणले. १९९४ च्या ‘माझा छकुला’त. छकुला झाला तो त्यांचाच मुलगा आदिनाथ. आणि गंमत पाहा, हाच आदिनाथ मोठा होऊन दिग्दर्शक झाला, आणि त्याने वडिलांची वाट न चोखाळता नांदेड जिल्ह्यातल्या पाणीटंचाईवर ‘पाणी’ हा चित्रपट केला. २०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणविषयक उत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला आणि २०२४ साली तो चित्रपटगृहांत आला. कोरड्या हंड्यांच्या ह्या कथेत घाई नाही आणि शांततेचे भयही नाही. बापाच्या पिढीने प्रेक्षक मिळवले, म्हणूनच मुलाच्या पिढीला त्यांना थोडे थांबवून ठेवण्याची हिंमत झाली, असे मला वाटते.

आज घरोघरी कॅमेरा आहे आणि प्रत्येक आईबापाला आपला बाळ मास्टर वाटतो. स्पर्धांच्या मंचावर सहा वर्षांची मुले मोठ्यांची गाणी म्हणतात, मोठ्यांचे हावभाव करतात आणि परीक्षक डोळे पुसतात. आता कायद्याने बालकलाकाराला दिवसाचे पाच तासांहून अधिक काम देता येत नाही, सलग तीन तासांवर राबवता येत नाही, आणि त्याच्या कमाईतला निदान पाचवा हिस्सा त्याच्या नावे बँकेत ठेवावा लागतो. हे योग्यच झाले. पण त्या पाच तासांत मूल काय पाहते, ह्यावर कोणता कायदा लक्ष ठेवणार? राजाभाऊ परांजपे आणि हृषीकेश मुखर्जी ह्यांच्याकडे पाहत वाढलेला मुलगा दिग्दर्शक झाला, ह्यात त्या मुलाचे कर्तृत्व आहेच. पण त्याच्या नजरेसमोर कोण उभे होते ह्याचाही त्यात वाटा आहे. मुलाकडून काम करून घेणारी माणसे ठायी ठायी भेटतात. त्याला काम पाहू देणारी, त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारी आणि कधीतरी त्याच्या हाती आगगाडीचा प्रसंग सोपवणारी माणसे मात्र थोडी. आपल्या घरातल्या मास्टरसाठी शोधायचीच असतील, तर ती शोधावीत.